आधी वेळ, मग अंतर: दारू सोडताना सहनशक्तीच्या खेळांची साथ कशी घ्यावी

नशा सोडून धावणे, सायकलिंग किंवा ट्रायथलॉनमध्ये (पोहणे, सायकल आणि धावणे सलग करण्याच्या शर्यतीत) मोठी मजल मारलेल्या माणसांच्या कथा आता बऱ्याच जणांच्या वाचनात येतात. टिमोथी ओल्सन या अमेरिकी धावपटूने व्यसनातून बाहेर पडल्यानंतर २०१२ साली वेस्टर्न स्टेट्स ही सुमारे १६१ किलोमीटरची डोंगरी शर्यत १४ तास ४६ मिनिटांत जिंकून त्या वेळचा विक्रम केला. कॅनडाचा लायनेल सँडर्स अमली पदार्थांच्या विळख्यातून सुटून ट्रायथलॉनकडे वळला आणि २०१७ साली हवाईतील आयर्नमन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनच्या जागतिक स्पर्धेत दुसरा आला. या कथा खऱ्या आहेत आणि धीर देणाऱ्याही आहेत, परंतु आपली योजना त्यांच्यावरून बेतू नये. धावायला सुरुवात करूनही पुन्हा पिऊ लागलेल्यांच्या कथा फारशा कोणी लिहीत नाही, आणि यशस्वी झालेल्यांच्या कथांमध्ये औषधोपचार, समुपदेशन आणि घरच्यांचा संयम यांचा उल्लेख बहुधा एखाद्या ओळीत उरकलेला असतो.

संशोधनाचा कौलही सावधच आहे. दारूच्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांना व्यायाम दिला असता त्यांची शारीरिक क्षमता वाढते आणि नैराश्य कमी होते, हे बऱ्यापैकी सातत्याने दिसून आले आहे. केवळ व्यायामामुळे पिण्याचे प्रमाण घटते का, याविषयीचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. म्हणून खेळाकडे उपचाराचा पर्याय म्हणून पाहू नये. तो दोन कामे चांगली करतो. पूर्वी दारूसाठी जात असे तो वेळ तो भरून काढतो, आणि जीव अस्वस्थ झालेला असताना पळ न काढता टिकून राहण्याचा नियमित सराव देतो. ही दोन कामे त्याच्याकडून करून घ्यायची असतील, तर योजनेची सुरुवात किलोमीटरपासून न करता घड्याळापासून करावी लागते. हा लेख प्रामुख्याने दारू सोडणाऱ्यांसाठी आहे. इतर पदार्थांच्या बाबतीत वैद्यकीय भाग वेगळा असला, तरी सरावाची मांडणी बरीचशी सारखीच राहते.

बूट घालण्यापूर्वी डॉक्टरांची भेट

रोज आणि भरपूर पिणाऱ्याने रात्री दारू बंद करून सकाळी धावायला जाणे ही जिद्द नव्हे, जिवावरचा धोका आहे. शरीराला दारूची सवय झालेली असेल, तर शेवटच्या घोटानंतर साधारणपणे ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम सुटणे, मळमळणे, छातीत धडधडणे आणि झोप उडणे ही लक्षणे सुरू होतात. पहिल्या ४८ तासांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. काही जणांना ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान ताप, भ्रम, भास आणि कमालीची बेचैनी यांनी युक्त अशी ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ ही अवस्था गाठते, आणि उपचार न मिळाल्यास ती प्राणघातक ठरू शकते. पूर्वी असे झटके येऊन गेले असतील, तर पुढच्या वेळी धोका वाढलेला असतो. या काळात वैद्यकीय देखरेख, ठरावीक मुदतीची औषधे आणि थायमिन म्हणजे जीवनसत्त्व ब-१ यांची गरज भासते. थायमिनच्या तीव्र कमतरतेमुळे मेंदूला इजा होते, तोल जातो आणि स्मरणशक्ती कायमची बिघडू शकते. हा टप्पा ओलांडला असून हालचालीला हरकत नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यावरच पुढची पायरी चढावी.

या भेटीत रक्तदाब, ईसीजी, यकृताच्या तपासण्या, रक्तातील साखर, सोडियम-पोटॅशियम-मॅग्नेशियम आणि हिमोग्लोबिन यांविषयी विचारून घ्यावे. दीर्घकाळच्या मद्यपानाने हृदयाचा स्नायू दुबळा होऊ शकतो आणि ठोक्यांची लय बिघडू शकते, त्यामुळे ‘मला काही होत नाही’ हा अनुभव पुरेसा मानू नये. दोन गोष्टी बहुतेकांच्या ध्यानात येत नाहीत. पहिली पायांची: दारूमुळे मज्जातंतूंना इजा झाली असेल, तर तळव्यांची संवेदना मंदावते, फोड आला तरी कळत नाही आणि तो चिघळतो, म्हणून पहिले काही महिने रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात नीट पाहावेत. दुसरी हाडांची: जास्त पिणाऱ्यांच्या हाडांची घनता कमी झालेली असू शकते, आणि घाईने अंतर वाढवल्यास नडगीच्या किंवा पावलाच्या हाडाला बारीक तडा जाण्याची भीती असते.

चालू असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवून आपण कोणता खेळ सुरू करणार आहोत, हे स्पष्ट सांगावे. डायसल्फिराम हे दारू पोटात गेल्यास त्रास होईल असे औषध घेणाऱ्याने अल्कोहोलयुक्त मालिशद्रव्ये आणि फवारेही टाळायचे असतात, आणि खेळाडूंच्या पिशवीत नेमक्या त्याच वस्तू असतात. रक्तदाबासाठी किंवा धडधडीसाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल, तर हृदयाचे ठोके मुळातच कमी राहतात आणि मनगटावरच्या घड्याळातील ‘झोन’, म्हणजे ठोक्यांवरून ठरवलेले तीव्रतेचे टप्पे, निरुपयोगी ठरतात. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध घेणाऱ्याच्या अंगातून घामावाटे पाणी आणि क्षार कमी झाले, तर रक्तातील औषधाची पातळी धोकादायक रीतीने वाढू शकते. तलफ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांना एक शंका हमखास असते: मेंदूत ओपिऑइड म्हणजे अफूवर्गीय द्रव्ये ज्यांवर काम करतात त्या जागा (रिसेप्टर) रोखणाऱ्या या गोळीमुळे धावण्याचा आनंदही जाईल का? हॅम्बुर्ग येथील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६३ धावणाऱ्यांपैकी काहींना नाल्ट्रेक्सोन आणि काहींना औषधविरहित गोळी दिली होती. धावल्यानंतरचा उल्हास आणि कमी झालेली चिंता दोन्ही गटांत आढळली. त्या भीतीपोटी औषध सोडण्याचे कारण नाही.

धोक्याची वेळ शोधणे

डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर पहिला आठवडा वेळापत्रक न आखता फक्त नोंदी कराव्यात. एका छोट्या वहीत प्रत्येक तलफेची वेळ, ठिकाण, त्याआधी काय घडले, शेवटचे खाणे कधी झाले आणि तलफेची तीव्रता दहापैकी किती, एवढे लिहावे. शक्य झाल्यास ती किती वेळाने ओसरली, हेही लिहावे. नमुन्यादाखल एक नोंद अशी असेल: ‘मंगळवार, सायंकाळी ६.४०. कामावरून निघताना. दुपारचे जेवण अर्धवट. वरिष्ठांशी खटका. तीव्रता ७. फोनवर बोललो, २० मिनिटांनी ३.’ सात दिवसांच्या नोंदी एकापुढे एक ठेवल्या की बहुतेकांना आपली वेळ सापडते. कोणाची कामावरून सुटल्यावरची असते, कोणाची घरातले सगळे झोपल्यानंतरची, तर कोणाची सुट्टीच्या दिवशी दुपारची.

सराव त्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी सुरू व्हावा आणि ती वेळ उलटून जाईपर्यंत आपण त्यात गुंतलेले असावे. पहाटे उठून धावण्याचे गोडवे खूप गायले जातात आणि झोपेच्या दृष्टीने ते ठीकच आहे, परंतु ज्याची तलफ सायंकाळी सातला येते, त्याने पहाटे पाचला धावून सगळी ताकद संपवावी आणि सातला थकलेल्या, भुकेल्या अवस्थेत एकटे बसावे, यात मला शहाणपण दिसत नाही. सायंकाळ धोक्याची असणाऱ्याने कपडे आणि बूट सकाळीच सोबत न्यावेत, कामाच्या ठिकाणीच बदलावेत आणि घरी न जाता थेट सरावाला जावे. ‘आधी घरी जाऊन जरा टेकतो’ या वाक्यात बरेच संकल्प बुडालेले आहेत. नेहमीचा बार किंवा दुकान लागणार नाही असा रस्ता निवडावा, मग तो एक किलोमीटर लांबचा का असेना. रात्री उशिरा तलफ येणाऱ्याने मात्र त्या वेळी जोराचा व्यायाम करू नये, कारण आधीच बिघडलेली झोप त्याने आणखी बिघडते. संथ चालणे किंवा अंग ताणण्याचे हलके व्यायाम तेव्हा पुरेसे होतात.

येथे आणखी एक बाब जपायला हवी. दारूच्या उपचारासाठी दाखल झालेल्या रुग्णांवरील २००४ सालच्या एका लहान ब्रिटिश अभ्यासात दहा मिनिटांच्या मध्यम सायकलिंगमुळे तलफ कमी झाली, पण हा परिणाम मुख्यतः पाय चालू असेपर्यंतच दिसला. त्यामुळे सरावानंतरचा एक तास मोकळा सोडू नये. अंघोळ, जेवण आणि त्यानंतर कोणाचा तरी सहवास, हा क्रम आधीच ठरलेला असावा; अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या गटाच्या सभेला जाणारे बरेच जण सराव आणि सभा एकापाठोपाठ एक ठेवतात, आणि ही जोडी फार उपयोगी पडते.

पहिले तीन महिने

खेळ कोणता, हा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. चालणे आणि धावणे यांना साधने सर्वांत कमी लागतात. वजन जास्त असेल किंवा गुडघे दुखत असतील, तर सायकल बरी, पण झटक्यांचा इतिहास असणाऱ्याने रस्त्यावर सायकल चालवण्यापूर्वी आणि पाण्यात उतरण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. पोहण्यासाठी एकट्याने कधीही जाऊ नये. निवड एकाच कसोटीवर करावी: धोक्याच्या वेळी हा खेळ मला, कोणाची वाट न पाहता, आठवड्यातून पाच दिवस करता येईल का?

पहिले दोन आठवडे फक्त चालावे, रोज २० ते ३० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. पुढचे दोन आठवडे वेळ ४० मिनिटांपर्यंत न्यावा आणि पावले किंचित झपझप टाकावीत. पाचव्या आठवड्यापासून धावणे मिसळावे: एक मिनीट सावकाश धावणे, दोन मिनिटे चालणे, अशा आठ फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस आणि मधल्या दिवशी केवळ चालणे. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले जेफ गॅलोवे यांनी धावणे आणि चालणे आलटून पालटून करण्याची ही रीत सत्तरच्या दशकापासून सामान्य माणसांना शिकवली, आणि आजही नवशिक्यांसाठी तिच्याहून सुरक्षित रीत मला माहीत नाही. दर आठवड्याला धावण्याचा भाग थोडा वाढवत आणि चालण्याचा थोडा कमी करत गेल्यास बाराव्या आठवड्याच्या सुमारास अर्धा तास सलग, संथपणे धावता येते. आले नाही, तर तोच आठवडा पुन्हा करावा. येथे कोणी गुण देणार नाही.

वेग ठरवण्यासाठी बोलून पाहावे. धावताना पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले, तर वेग योग्य. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर जास्त. सहनशक्तीच्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करणारे स्टीफन सायलर यांना असे आढळले, की अव्वल दर्जाचे खेळाडूही सुमारे ८० टक्के सराव हलक्या तीव्रतेचा करतात. व्यसनातून बाहेर पडणाऱ्याला हे पटवणे सर्वांत अवघड जाते, कारण ‘सगळे किंवा काहीच नाही’ ही त्याची जुनी सवय असते आणि धाप लागल्याशिवाय काही केल्यासारखे त्याला वाटत नाही. शिवाय हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात, तर स्नायुबंध आणि हाडे यांना महिने लागतात. दमसास वाढला म्हणून अंतर दुप्पट केले, तर सहाव्या-आठव्या आठवड्यात दुखापत होऊन सराव थांबतो आणि तीच धोक्याची वेळ पुन्हा रिकामी पडते.

वाईट दिवसासाठी किमान मात्रा आधीच ठरवून ठेवावी. बूट घालायचे, बाहेर पडायचे, दहा मिनिटे चालायचे, आणि त्यानंतरही नको वाटले तर परतायचे. परत आलो तरी तो दिवस ‘झाला’ असेच वहीत लिहावे.

खाणे, पाणी आणि झोप

दारू सोडलेल्यांपैकी बऱ्याच जणांना सुरुवातीला गोड खाण्याची तीव्र इच्छा होते, तिचा बाऊ करू नये. रिकाम्या पोटी लांबचा सराव मात्र करू नये, कारण रक्तातील साखर उतरल्यावर येणारी थरथर, चिडचिड आणि घाम हे सगळे तलफेसारखेच भासते आणि मन त्याचा अर्थ सवयीने लावते. व्यसनमुक्तीच्या गटांमध्ये भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही चार कारणे नेहमी बजावून सांगितली जातात. लांबचा सराव त्यांपैकी भूक आणि थकवा आपल्या हाताने निर्माण करतो, हे ध्यानात ठेवून सरावानंतर तासाभराच्या आत पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने असलेले जेवण घ्यावे.

पाणी तहान लागेल तसे प्यावे. जास्त पाणी म्हणजे जास्त सुरक्षितता, हा समज चुकीचा आहे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये रक्ताचे नमुने घेतलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम साधारण मर्यादेपेक्षा कमी झाल्याचे आढळले होते, आणि त्याचा संबंध शर्यतीत वजन वाढण्याइतके पाणी पिण्याशी होता. सरावानंतर लघवी गडद तांबूस किंवा काळपट झाली आणि स्नायू असह्य दुखू लागले, तर स्नायूंचा ऱ्हास होऊन मूत्रपिंडांवर ताण आल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी विश्रांतीने भागेल असे न मानता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

झोप सुधारायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. सुरुवातीला ठळक, भीतिदायक स्वप्ने पडतात. स्वप्नात आपण प्यायलो, असेही अनेकांना दिसते. दारूने दडपलेली स्वप्नावस्थेची झोप परत येत असल्याची ती लक्षणे आहेत. रात्र वाईट गेली, तर दुसऱ्या दिवशी सराव रद्द न करता फक्त हलका करावा.

तलफ आणि चढ

खेळ मनाला कणखर करतो, असे सरसकट म्हटले जाते; नेमका कसा, हे पाहिले तरच त्याचा उपयोग करता येतो. तलफ सहसा चढत जाते, शिखर गाठते आणि तिला न जुमानता थांबले तर बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. पुन्हा व्यसनात ओढले जाणे कसे टाळावे, यावर मूलभूत काम करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी म्हणूनच तलफेशी झुंजण्याऐवजी, लाटेवर तरंगावे तसे तिच्यासोबत राहायला शिकवले. हे खोलीत बसून ऐकताना पटते, पण सराव करायला मिळत नाही, कारण खऱ्या तलफेच्या वेळी शिकायला मन शांत नसते. लांबचा चढ ही त्याची सुरक्षित तालीम आहे.

आठवड्यातून एकदा, शरीर तयार झाल्यावर, चार ते सहा मिनिटांचा चढ निवडावा आणि बोलता येईल त्याहून किंचित जास्त वेगाने तो चढावा. दुसऱ्या मिनिटाच्या सुमारास ‘थांब’ असे मन म्हणू लागेल. त्या क्षणी वेग वाढवू नये आणि थांबूही नये; अस्वस्थता शरीरात नेमकी कोठे आहे, एवढेच पाहावे. मांड्यांत जळजळ आहे, घशात कोरड आहे, जबडा आवळला गेला आहे. जबडा सैल सोडावा, खांदे खाली आणावेत आणि श्वास सोडण्याचा वेळ किंचित लांबवावा. पुढच्या वीस पावलांत अस्वस्थता वाढली, कमी झाली की जागा बदलून गेली, हे पाहावे. ती कधीही एकाच जागी, एकाच तीव्रतेने थांबत नाही. चढ संपल्यावर चालत खाली यावे आणि वहीत लिहावे: किती मिनिटांनी थांबावेसे वाटले, किती वेळ तसे वाटत राहिले, कशाने ओसरले. पहिल्या आठवड्यातील तलफेच्या नोंदी त्याच वहीत आहेत. दोन्ही प्रकारच्या नोंदी काही महिने शेजारी-शेजारी भरत गेल्या, की त्या एकाच हस्ताक्षरात लिहिलेल्या आहेत एवढेच साम्य त्यांच्यात नाही, हे आपोआप दिसू लागते. छातीत दुखणे, भोवळ, ठोके चुकल्यासारखे वाटणे किंवा सांध्यात अचानक उठलेली कळ ही मात्र सहन करण्याची अस्वस्थता नव्हे. तेथे थांबलेच पाहिजे.

मनाशी काय बोलावे, हेही आधी ठरवता येते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ जणांना सायकलवर दमून थांबेपर्यंत पेडल मारायला सांगितले होते. ज्यांना दोन आठवडे स्वतःला धीर देणारी वाक्ये वापरायला शिकवले, त्यांचा टिकण्याचा वेळ १८ टक्क्यांनी वाढला. वाक्ये स्वतःची असावीत, छोटी असावीत आणि खोटी नसावीत. ‘मला काहीच दुखत नाही’ यावर मन विश्वास ठेवत नाही. ‘पुढच्या खांबापर्यंत’ यावर ठेवते.

याच्या जोडीला ‘जर-तर’ची योजना लिहून ठेवावी. अमुक प्रसंग आला तर अमुकच कृती करायची, असे आधी बांधून ठेवलेले संकल्प नुसत्या निर्धारापेक्षा जास्त वेळा तडीस जातात, हे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या कामातून पुढे आले. योजना अगदी ठोस हवी: ‘जर सहा वाजता पाऊस असेल, तर जिन्याच्या पंधरा फेऱ्या मारीन.’ ‘जर सरावाच्या आधीच तलफ सातच्या वर गेली, तर बूट घालण्यापूर्वी फोन करीन आणि बोलत बोलतच चालायला लागेन.’ ‘जर जुना पिणारा मित्र वाटेत भेटला, तर न थांबता हात वर करीन.’ अशी चार-पाच वाक्ये पुष्कळ झाली. वीस लिहिली, तर वेळेवर एकही आठवत नाही.

माणसे

एकट्याने धावण्यात गोडी आहे, पण सुरुवातीच्या वर्षात निदान आठवड्यातून एकदा गटासोबत जावे. पार्करन ही २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये सुरू झालेली आणि पुढे अनेक देशांत पसरलेली, स्वयंसेवकांनी चालवलेली विनाशुल्क पाच किलोमीटरची साप्ताहिक धाव आहे. तेथे चालत गेले तरी चालते, आणि धावता येत नसेल त्या आठवड्यात स्वयंसेवक म्हणून उभे राहता येते. अमेरिकेत २००६ साली सुरू झालेल्या ‘द फीनिक्स’ या संस्थेने सहभागाची अट केवळ सलग ४८ तास नशेपासून दूर असणे एवढीच ठेवली, तर २००७ साली फिलाडेल्फियात सुरू झालेल्या ‘बॅक ऑन माय फीट’ने निवाऱ्यात राहणाऱ्या बेघरांसोबत पहाटे धावणे सुरू केले. असा खास गट जवळ नसला तरी बिघडत नाही. नियमित भेटणारे आणि आपण आलो नाही तर विचारणा करणारे दोघे-तिघे असले की काम होते.

गटांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. धावणे आणि सायकलिंगच्या वर्तुळात शर्यतीनंतर बिअर घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, आणि अंतिम रेषेवर पदकासोबत पेला हातात येतो तो नेमका थकलेल्या, भुकेल्या आणि हर्षभरित अवस्थेत. अल्कोहोलविरहित म्हणवणाऱ्या बिअरमध्येही अनेक देशांच्या नियमांनुसार ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकते, आणि त्याहून मोठा प्रश्न चवीचा, वासाचा आणि पेल्याच्या स्पर्शाचा आहे. माझ्या मते पहिली दोन वर्षे तिच्या वाटेला जाऊच नये. अंतिम रेषेवर आपले पेय घेऊन उभे राहणारे माणूस आधी ठरवून ठेवावे आणि कोणी आग्रह केला तर ‘मी पीत नाही’ एवढेच म्हणावे. औषध चालू आहे, गाडी चालवायची आहे, अशी कारणे दिली की पुढच्या वेळी ते कारण नसल्याचे समोरच्याला आठवते.

खेळच नवे व्यसन होऊ लागला तर

‘दारूपेक्षा हे बरे’ असे म्हणून या प्रश्नावरून पुढे जाण्याचा मोह होतो. बरे आहेच, परंतु पुरेसे नाही. दुखापत असूनही धावणे, सराव चुकल्यावर घरच्यांवर खेकसणे, तेवढेच समाधान मिळण्यासाठी अंतर वाढवत जाणे, किती धावलो हे लपवणे, खाल्लेल्या प्रत्येक घासाची भरपाई धावून करणे, या खुणा दिसू लागल्या तर समुपदेशकाशी बोलावे. एक साधी चाचणी आहे: महिन्यातून एक पूर्ण आठवडा सराव निम्म्यावर आणावा आणि त्या आठवड्यात मन कसे वागते, हे वहीत लिहावे. शरीराला तशीही त्या विश्रांतीची गरज असते.

दुखापत होणारच, असे धरून पर्यायी योजना आधी तयार ठेवावी. त्याच धोक्याच्या वेळी पायांवर भार न टाकता काय करता येईल, हे लिहून ठेवावे: पोहणे, बसून करायचे हातांचे व्यायाम, किंवा गटाच्या धावेत वेळ नोंदवण्याचे काम. वेदनाशामक औषध देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आपला व्यसनाचा इतिहास सांगावा. ओपिऑइड वर्गातील गोळ्यांचे नवे व्यसन लागू शकते, आणि नाल्ट्रेक्सोन चालू असेल तर त्या गोळ्यांचा अपेक्षित परिणामही होत नाही.

शर्यत कधी आणि कोणती

पहिल्या सहा महिन्यांत ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनची नोंदणी करू नये. पाच, फार तर दहा किलोमीटरची धाव निवडावी आणि ती वेळेसाठी न धावता पूर्ण करण्यासाठी धावावी. मॅरेथॉन किंवा त्याहून लांब अंतराचा विचार वर्षभर सराव टिकल्यावर करावा, आणि लांबच्या सरावांसाठी जो वेळ लागतो तो उपचार, सभा किंवा घर यांच्या वाट्यातून काढावा लागत असेल, तर अंतर कमी करावे. दारू सोडल्याच्या वर्षपूर्तीच्या दिवशीच शर्यत ठेवण्याची कल्पना आकर्षक वाटते. मला ती धोक्याची वाटते, कारण शर्यत फसली तर वर्षही फसल्यासारखे वाटते.

शर्यतीच्या आदल्या रात्रीपेक्षा नंतरचे दोन आठवडे अधिक जपावे लागतात. ध्येय संपलेले असते, सराव बंद असतो, अंग ठणकत असते आणि ‘आता काय’ हा प्रश्न नेमका त्या जुन्या वेळी येऊन उभा राहतो. म्हणून शर्यतीनंतरच्या चौदा दिवसांचे वेळापत्रक शर्यतीच्या आधीच लिहून काढावे: पहिले तीन-चार दिवस त्याच वेळी संथ चालणे, मग हलके पोहणे किंवा सायकल, दोन ठरलेल्या सभा, समुपदेशकाची एक भेट आणि कोणाकडे तरी जेवण.

पाय घसरला तर

पुन्हा प्यायल्यावर ‘आता सगळेच गेले’ असे वाटून पुढचे पिणे सुरू होते. एका पेल्यापेक्षा या विचारानेच जास्त नुकसान होते, हे मार्लट यांनी दाखवून दिले होते. प्यायल्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून धावू नये. शरीरातील पाणी कमी झालेले असते, हृदयाची लय बिघडण्याची शक्यता वाढलेली असते आणि शिक्षा म्हणून केलेला सराव पुढे शिक्षाच वाटू लागतो. पहिले काम म्हणजे विश्वासातल्या एका माणसाला चोवीस तासांच्या आत सांगणे. पिणे एकापेक्षा जास्त दिवस चालले असेल, तर थांबण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करावा, कारण झटक्यांचा धोका पुन्हा उभा राहिलेला असतो.

डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर चालण्यापासून सुरुवात करावी, तीही त्याच वेळी, वीस मिनिटे. वही फेकून देऊ नये किंवा नवी घेऊ नये. त्याच पानावर तारीख, वेळ, ठिकाण, आधी काय घडले आणि शेवटचे खाणे कधी झाले, हे इतर नोंदींसारखेच लिहावे. मग मागची दोन पाने उलटून पाहावीत. सराव कोणत्या दिवसापासून चुकू लागला होता, झोप कधी बिघडली होती, कोणती ‘जर-तर’ची ओळ तेथे असायला हवी होती आणि नव्हती, हे बहुधा तेथेच सापडते. ती ओळ लिहावी आणि दुसऱ्या दिवशीच्या सरावाची वेळ ठरवावी.